पेडल मऊ लागतंय, पण मास्टर सिलिंडरची ऑर्डर आजच देऊ नका

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 2016 ची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. ठाण्यात घोडबंदर रोडला राहता, कामासाठी रोज ऐरोलीपर्यंत ये-जा. पावसाळा सरता सरता ब्रेक मऊ लागायला लागला. गॅरेजवाल्याने आधी पुढचे पॅड बदलले, मग ब्रेकच्या पाइपांत शिरलेली हवा, म्हणजे एअर, दोनदा काढली. दर वेळी चार-आठ दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. वहिनी म्हणतात की सिग्नलला उभं असताना पेडल हळूहळू खाली जातं, पण तुम्हाला तसं जाणवत नाही. आता गॅरेजवाला मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा भाग, बदलायला सांगतोय. बदलायचा का?

कदाचित बदलावा लागेल, पण तपासल्याशिवाय नाही. तुम्ही दिलेल्या माहितीत सगळ्यात कामाची गोष्ट वहिनींनी सांगितलेली आहे. तिच्याकडे गॅरेजवाल्याचं लक्ष गेलेलं दिसत नाही.

वागळे इस्टेटमधल्या माझ्या गॅरेजात येणारी बहुतेक माणसं 'ब्रेक मऊ लागतो' एवढंच सांगतात. त्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एकात पेडल दाबताना सगळीकडे स्पंजी लागतं, कडकपणा येतच नाही. दुसऱ्यात पेडल बरंच खाली जातं आणि मग नीट कडक लागतं. तिसऱ्यात पेडल सुरुवातीला व्यवस्थित लागतं, पण पाय ठेवून उभं राहिलं की हळूहळू जमिनीकडे सरकतं. स्पंजी पेडल म्हणजे लाइनमध्ये एअर, नाहीतर दाब दिल्यावर काहीतरी वाकतंय किंवा फुगतंय. खाली जाऊन कडक होणारं पेडल म्हणजे बहुतेक वेळा मागचा ड्रम आणि त्याला आतून घासणारे लायनर यांच्यातला गॅप वाढलाय. सरकणारं पेडल म्हणजे दाब कुठून तरी निसटतोय, एक तर बाहेर, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या आतल्या आत.

एअर काढून यातला फक्त पहिला प्रकार बरा होतो. एअर आत यायची जागा तशीच राहिली तर तोही तात्पुरताच, कारण ब्रेकची सिस्टीम बंद असते आणि एअर तिच्यात आपोआप तयार होत नाही. एकदा नीट काढली की पुढचं काम निघेपर्यंत ती यायचं कारण नाही. आठवड्यात परत आली, तर ती कुठून आली हा प्रश्न विचारायला हवा होता. दुसऱ्यांदा नुसतीच एअर काढणं म्हणजे पैसे घेऊन तक्रार पुढच्या आठवड्यावर ढकलणं.

आता वहिनींच्या पायाबद्दल. मास्टर सिलिंडरच्या आत पिस्टनवर रबरी कप असतात. पेडल दाबलं की पुढच्या ऑइलचा दाब वाढतो, आणि त्याच दाबाने कपाची कड सिलिंडरच्या भिंतीवर पसरून घट्ट बसते. जोरात दाबाल तेवढी ती घट्ट. म्हणून कड थोडी झिजलेली असली, तरी सणसणीत दाबल्यावर पेडल खणखणीत लागतं. तोच पाय हलका ठेवला की कड पुरती टेकत नाही, ऑइल तिच्या बाजूने मागे निसटतं आणि पेडल मुंगीच्या पावलांनी खाली जायला लागतं. तुम्ही बहुधा माजिवड्याच्या सिग्नलला पाय रेटून उभे राहता आणि वहिनी गाडी हलू नये एवढाच ठेवतात. गाडी एकच असूनही दोघांना वेगळं जाणवण्याचं कारण तेच असावं. गॅरेजवालेसुद्धा तपासताना कचकन दाबतात आणि 'ओके आहे साहेब' म्हणून मोकळे होतात.

म्हणून हलक्या पायाची चाचणी घरीच करा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सपाट जागेवर, हँडब्रेक लावून. इंजिन बंद असताना पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपेल आणि पेडल कडक होईल. मग पाय तसाच दाबून धरा आणि गाडी स्टार्ट करा. पेडल किंचित खाली जाऊन थांबलं पाहिजे. तो बूस्टर आहे, त्यात काही बिघाड नाही. पुष्कळ जण इथेच घाबरतात. आता इंजिन चालू ठेवून अगदी हलका, एकसारखा दाब मिनिटभर ठेवा. मोबाइल बाजूला ठेवा, लक्ष फक्त पायाकडे. पेडल जागच्या जागी राहिलं तर मास्टर सिलिंडरवरचा संशय बराच कमी होतो. सरकत गेलं, तर आधी बाहेरची गळती शोधायची. ती कुठेच नसेल, तर संशय मास्टर सिलिंडरवर.

ही चाचणी झाली की हँडब्रेकचीही करा, दोन मिनिटांचं काम आहे. गाडी गिअरमध्ये, चाकांना दगड, हँडब्रेक पूर्ण सोडलेला. पेडल दाबून ते किती खाली जातं ते लक्षात ठेवा. मग हँडब्रेक दोन-तीन दात ओढा आणि पुन्हा दाबा. पेडल स्पष्ट वर आलं आणि लवकर कडक झालं, तर मागच्या लायनर आणि ड्रममध्ये गॅप जास्त आहे. हँडब्रेकने लायनर ड्रमच्या जवळ आणले, म्हणून पेडलला कमी प्रवास करावा लागला. या प्रकारातही भराभर दोन-तीनदा पंप केल्यावर पेडल वर येतं, त्यामुळे त्याला सर्रास 'एअर आहे' असं म्हटलं जातं. फरक एवढाच की गॅप असेल तर वर आलेलं पेडल कडक असतं, आणि एअर असेल तर वर येऊनही स्पंजीच राहतं.

मागचा गॅप वाढायला आपल्याकडे कारण लागत नाही. ड्रमच्या आत आपोआप गॅप घेणारा अ‍ॅडजस्टर असतो. काही गाड्यांत तो हँडब्रेक ओढल्यावर एकेक दात पुढे सरकतो, काहींत पायाचा ब्रेक दाबल्यावर. पावसाळ्यात हँडब्रेक लावून गाडी चार दिवस उभी ठेवली की लायनर ड्रमला चिकटतात, म्हणून लोक तो लावायचंच सोडतात. ते चुकीचं नाही, पण हँडब्रेकवर चालणारा अ‍ॅडजस्टर मग महिनोन् महिने हलत नाही. त्यात जून ते सप्टेंबरची ओल, ड्रममध्ये साठलेली लायनरची भुकटी, की दातांवर गंज धरतो आणि तो जाम होतो. ड्रम उघडायचा, अ‍ॅडजस्टर साफ करून हाताने फिरतो का बघायचं, दातांवर उष्णता सहन करणारं ग्रीस अगदी थोडं, आणि चाक फिरवताना ड्रमला लायनर जेमतेम घासेल इतका गॅप घ्यायचा. पुढचे पॅड बदलताना मागचे ड्रम उघडायचा कंटाळा सगळीकडे केला जातो. बिलावर विचारा, तुमच्याकडे उघडले होते का.

ड्रम उघडलेला असतानाच व्हील सिलिंडरच्या (लायनर ड्रमवर दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या) दोन्ही टोकांच्या रबरी टोप्या नखाने हलकेच उचलून बघा. आत कोरडं असायला हवं. थोडी ओल चालते असं काही मिस्त्री म्हणतात. मी मानत नाही. टोपीच्या आत ऑइल जमलं असेल, तर सील गेलं आहे. ते ऑइल अजून बाहेर सांडलेलं नसतं, म्हणून ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळीही फारशी उतरलेली दिसत नाही. आणि झिजलेलं सील ऑइल बाहेर सोडतं तसं पेडल सोडताना कधी कधी एअर आत घेतं. 'एअर काढली की चार दिवस बरं' या तक्रारीचा उगम मला तरी इतर कुठल्याही जागेपेक्षा इथेच जास्त वेळा सापडला आहे. दोन्ही मागचे सिलिंडर जोडीनेच बदलावेत. ऑइल लागलेले लायनर धुऊन परत लावू देऊ नका, तेही बदला, नाहीतर एक चाक ओढेल.

बाहेरची गळती शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. इंजिन ऑइलचा डाग पावसातही तेलकट राहतो, ब्रेक ऑइलचा माग मात्र एका सरीत धुऊन जातो. त्यामुळे पावसाळ्यातली गळती बऱ्याचदा ऑक्टोबरच्या कोरड्या हवेतच दिसते. चारही टायरच्या आतल्या बाजू बॅटरीच्या उजेडात बघा. पुढचे रबरी होज पाइप स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, भेगा वळणावरच दिसतात. कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि पाइपवर बोटं ठेवा, कुठे फुगवटा येतोय का ते कळेल. कुठे ओलं लागलं आणि ते नक्की काय हे कळत नसेल, तर बोटावर घेऊन पाण्याच्या थेंबात चोळा. मिसळलं तर ब्रेक ऑइल, नुसता तवंग राहिला तर दुसरं काहीतरी.

मग बॉनेट उघडा. मास्टर सिलिंडर जिथे बूस्टरच्या मोठ्या काळ्या डब्याला बोल्टने बसतो, तिथे खालच्या बाजूला बघा. ब्रेक ऑइल रंग खातं. बूस्टरवरचा काळा रंग तिथे सुरकुतलेला, पोपडे आलेला किंवा उडून पत्रा दिसत असेल, तर मास्टर सिलिंडरचं मागचं सील बऱ्याच दिवसांपासून झिरपतंय. हे ऑइल बूस्टरच्या आतही जातं, म्हणून जमिनीवर थेंब पडत नाही आणि टाकी मात्र हळूहळू उतरते. असं दिसलं तर पुढच्या चाचण्यांची गरज नाही, गॅरेजवाल्याचं बरोबर आहे.

काहीच दिसलं नाही आणि पेडल तरीही सरकतंय, तर गॅरेजवाल्याला एकच गोष्ट करायला सांगा: मास्टर सिलिंडरचे पाइप सोडून त्या जागी बंद प्लग लावायचे. बऱ्याच गाड्यांत तो 10 मिमीचा, 1 मिमी आट्याचा असतो, पण तुमच्या गाडीचा आटा आधी मोजून घ्यावा. प्लग लावून त्याची एअर काढली की पेडल दगडासारखं कडक लागून तिथेच थांबलं पाहिजे. थांबलं, तर मास्टर सिलिंडर चांगला आहे आणि दोष पुढे चाकांकडे आहे. प्लग लावूनही सरकलं, तर सिलिंडर गेला, वाद संपला. या चाचणीला अर्धा तास लागतो, म्हणून ती कोणी करत नाही. अंदाजाने पार्ट बदलणं सोपं पडतं आणि बिलही मोठं होतं.

एक प्रश्न मात्र तुम्ही स्वतःला विचारा. वहिनींना पेडल सरकतंय असं जाणवलं ते पहिल्यांदा एअर काढण्याच्या आधी की नंतर? एअर काढताना हेल्परला गाडीत बसवतात आणि तो पेडल जमिनीपर्यंत आपटत राहतो. रोजच्या चालवण्यात मास्टर सिलिंडरचा पिस्टन अर्ध्याच अंतरात फिरतो. पुढच्या न वापरलेल्या भागात वर्षानुवर्षांचा गाळ आणि गंजाचे खड्डे असतात. पिस्टन तिथपर्यंत गेला की कपाची कड त्यावर घासून फाटते. म्हणजे एअर काढायला गेलेली गाडी मास्टर सिलिंडर घालवून येते. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हे टळतं.

एअर काढायची पद्धतही सांगून ठेवतो, समोर उभं राहून करून घ्या. मॅन्युअलमध्ये चाकांचा क्रम दिला असेल तर तोच पाळा. दिलेला नसेल, तर मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. परदेशी व्हिडिओ बघून इथली पोरं मागच्या उजव्या चाकापासून सुरू करतात. तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो. आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजवीकडे असतो, म्हणून लांबचं चाक मागचं डावं. चाकाजवळच्या निपलला (एअर काढायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडालेलं. आतला माणूस सावकाश दाबतो आणि 'दाबलं' म्हणतो. बाहेरचा निपल पाव फेरा उघडतो, ऑइल येऊन थांबलं की बंद करतो आणि 'सोड' म्हणतो. 'सोड' ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर निघालेली एअर परत आत. भराभर पंप केला तर मोठा बुडबुडा फुटून फेस होतो आणि मग दिवसभर काढत बसा. टाकी खालच्या खुणेच्या खाली जाता कामा नये. निपल गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं स्प्रे मारून ठेवावं आणि षटकोनी रिंग पानाच वापरावा. तो तुटला तर पुढचा खर्च वेगळाच. एबीएसच्या गाडीत टाकी कोरडी पडली किंवा मॉड्युलेटर (एबीएसच्या व्हॉल्व्हचा डबा) उघडला, तर त्यातली एअर स्कॅनरने व्हॉल्व्ह चालवूनच निघते. तुम्हाला तो त्रास नाही.

पुढच्या कॅलिपरचं (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचं) काम झालंय, म्हणून निपल कॅलिपरच्या वरच्या बाजूला आहे ना ते बघा. काम करताना कॅलिपर खोलून चुकून डावा-उजवा बदलला गेला तर निपल खाली येतो, एअर वर साठते, आणि मग कितीही ऑइल काढलं तरी पेडल स्पंजीच. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण होतं. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना हाताने सरकतात का तेही बघून घ्या. जाम असतील तर कॅलिपर तिरका दाबतो, आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त खातो आणि पेडलला तीच मऊ लवचीकता येते. पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावायचं. साधं ग्रीस रबर फुगवतं. नवीन पॅड बसेपर्यंत थोडे दिवस ब्रेक कमी धरतो, ते साहजिक आहे, पण त्याने पेडल सरकत नाही.

ऑइलचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ते दोन वर्षांनी बदलायला सांगितलेलं असतं आणि आपल्याकडे ते टाकीत फक्त वरून भरलं जातं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, टाकीच्या झाकणातून आणि रबरी पाइपांतूनसुद्धा. डॉट 3 कोरडं असताना किमान 205 अंश सेल्सिअसला उकळतं, त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा 140 वर येते. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. शहरात हे कळत नाही. पण ठाणेकर लोणावळ्याहून परत येवोत, नाशिकहून येवोत की माळशेजहून, शेवटी घाट उतरायचाच असतो, आणि तोही बऱ्याचदा चौथ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून. कसाऱ्याच्या खाली आल्यावर पेडल एकदम मऊ लागलं आणि अर्ध्या तासाने आपोआप सुधारलं, तर कॅलिपरमधलं ऑइल उकळून वाफ झाली होती. वाफ एअरसारखीच दबते. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने बंद करून दट्ट्या दाबून बघा, तेच. पेडल कडक पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर तापलेले पॅड. तो प्रकार वेगळा. येऊरचा उतारही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरला की ब्रेकला विश्रांती मिळते.

झाकणावर डॉट 3 किंवा डॉट 4 जे लिहिलंय तेच भरा. दोन्ही ग्लायकोलची आहेत, एकमेकांत मिसळली तरी बिघडत नाही. डॉट 5 मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात घालायचं नाही. उघडून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षी वापरू नका. टाकीच्या झाकणाखालचं रबर फुगून बेडौल झालेलं दिसलं, तर कोणीतरी इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल टाकलंय. मग सगळी रबरं बदलण्यावाचून इलाज नाही.

तर तुमच्या गाडीसाठी क्रम असा: आज संध्याकाळी हलक्या पायाची आणि हँडब्रेकची चाचणी, उद्या सकाळच्या उजेडात बूस्टरवरचा रंग. हलक्या पायाने पेडल जमिनीपर्यंत जात असेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या किंवा मिस्त्रीला बोलवा. ब्रेकची दोन वेगळी सर्किट असतात, एक गेलं तरी दुसरं थोडं थांबवतं, पण घोडबंदरच्या ट्रकच्या मागे त्या भरवशावर जायची गरज नाही. रस्त्यातच पेडल गेलं, तर भराभर पंप करा, गिअर एकेक करून उतरवा आणि हँडब्रेक बटण दाबून ठेवूनच थोडा थोडा ओढा.

गॅरेजमध्ये आधी मागचे ड्रम उघडायला सांगा: अ‍ॅडजस्टर, टोप्या, व्हील सिलिंडर. मग पुढच्या पिना. तरीही पेडल सरकतंय, तर प्लगची चाचणी. त्यात नापास झाला, तर मास्टर सिलिंडर किट टाकून दुरुस्त करू नका. आतल्या नळीवर खड्डे पडलेले असले तर नवीन कपही काही महिन्यांत फाटतात. पूर्ण नवीन घ्या, कंपनीच्या अधिकृत पार्टच्या दुकानातून. गाडीत बसवण्याआधी तो शिकंज्यात धरून त्यातली एअर काढायला सांगा, आणि सगळ्या लाइनमध्ये नवीन ऑइल. छोट्या गाडीला अर्धा ते एक लिटर पुरतं.

काम झाल्यावर गाडी ताब्यात घेण्याआधी हलक्या पायाची चाचणी गॅरेजच्या दारातच पुन्हा करा. शक्य असेल तर वहिनींना सोबत न्या आणि पाय त्यांनाच ठेवू द्या. आठवड्याने टाकीतली पातळी बघा. ती जिथे सोडली होती तिथेच असायला हवी.